दस्त्याचं माप

हबीबभाई : बंदूक रिकामी आहे, रिकामी आहे म्हणून सगळेच सांगतात, मामू. नळीत गज टाकून बघितल्याबिगर मी लाकडाला हात लावत नाय. द्या इकडं.

सूर्यभान : बघा की. घरून निघताना मीच बघितलीय.

हबीबभाई : तुम्ही तुमच्या डोळ्यानं बघितली. माझ्या दुकानात माझा गज बघतो. … हां. गेला बुडापर्यंत. रिकामी है. आता बोला, काय झालं हिला?

सत्यशीला : बार पेटवायची टोपी ढिली बसती, हबीबभाई. घोडा पडतो पण कधी बार उडतो, कधी नाय. सांगा की मामा. येताना बसमध्ये मला तेच सांगत व्हतात.

सूर्यभान : ते बी बघा. पण आदुगर दस्ता बघा. दस्ता लांब व्हतोय.

हबीबभाई : लांब? कवापासून तुमच्याकडं है ही?

सूर्यभान : माझ्या बापापासून. लाकूड शिसवीचं. गावच्या सुतारानं बसवलेलं.

हबीबभाई : म्हणजे दोन पिढ्यांच्या खांद्याला घासून दस्ता चिकना झाला, आन् आज लांब झाला? मामू, झाड वाढतं. लाकूड वाढत नाय.

सत्यशीला : मामांचा खांदाच राहिला नाय आता. श्रावणात घाटात पाय घसरला, मेंढरामागं पळताना. आत्ताच इथल्या सरकारी घाटी दवाखान्यातनं दाखवून आलो. डाक्टर म्हणला, हात कानाच्या वर जायचा नाय.

हबीबभाई : अरे अरे. तरी म्हणलं, मामू डाव्या हातानं बंदूक कायकू देतात. ही बेटी तुमची?

सूर्यभान : सून. सत्यशीला. माझा ल्योक खंडेराव इथंच वाळूजला कंपनीत हाय, त्याची बायको. आम्ही कन्नडच्या वरचे, घाटाच्या कडंचे. मेंढरं हायती आमची.

हबीबभाई : आणि ही बंदूक? डुकरं मारता?

सूर्यभान : छ्या. मारत काईच नाय. नुसती दारू ठासायची, चिंधीचा बोळा घालायचा आन् आवाज काढायचा. बिबट्या असो का लांडगा, एका आवाजात डोंगर पार करतो. आमच्या बंदुकीनं आजवर चिमणी मेली नाय.

हबीबभाई : अच्छी बंदूक है मग. जन्नतमध्ये जाईल. बरं, दस्ता कमी करायचा, पण कुणाच्या खांद्याला? जो चालवणार तो माणूस आणला का?

सूर्यभान : माणूस… माणसाचं माप आणलंय.

सत्यशीला : कुणाचं माप?

सूर्यभान : हाय एकाचं. ही घ्या दोरी. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत.

हबीबभाई : लोकरीची दोरी! ताणली तर लांब, सोडली तर कमी. असलं माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं. ठीक है, धरू तर लावून. … मामू.

सूर्यभान : काय?

हबीबभाई : हे तर दस्त्याच्या दुप्पट व्हायलंय. कापायचं कुठं? इथं तर जोड लावावी लागंल. हा कोण पैलवान है? एवढा हात असेल तर त्याला बंदूक कशाला, तो इथूनच बिबट्याच्या थोबाडीत मारील.

सूर्यभान : असं कसं? माझ्या बायकोनं, बानाबाईनं नीट घेतलंय. बगलेपासून बोटापर्यंत.

हबीबभाई : तेच तर चुकलं. बगलेपासून नसतं घ्यायचं. हे बघा, कोपर असं वाकवायचं. दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत. मग नळीकडं बोट टाकायचं, ते चापावर आलं पाहिजे. आलं तर बंदूक तुमची, नाय आलं तर कुणा दुसऱ्याची. हे माप घेताना हात सरळ व्हता. सगळा सरळ. ज्याचं घेतलं त्यानं विचारलं नाय का, हात वाकवू का म्हणून? का झोपला व्हता तो?

सत्यशीला : बघू ती दोरी.

सूर्यभान : अगं राहू दे—

सत्यशीला : बघू द्या. … ही आपल्या भोरी मेंढीची लोकर हाय. आन् गाठ आत्याबाईची, दोन पदरी. कोकराच्या गळ्यात घालतात तशी. मामा, कवा झोपले व्हते मी?

(गल्लीतून भंगारवाल्याची हाक येते, दारापर्यंत मोठी होते आणि पुढं जाते.)

हबीबभाई : मी जरा चाय सांगून येतो.

सत्यशीला : बसा, हबीबभाई. तुम्ही उठलात की मामा बी उठतील. मामा, मागच्या अमावस्येला, दुपारी ना? कोकरांना पाजून मी बाभळीखाली कलंडले व्हते. उठले तवा बोटाला लोकर चिकटलेली. मी म्हणलं, कोकराची आसंल.

सूर्यभान : मीच सांगितलं व्हतं तिला. हाताचं माप घे म्हणून. तिला काय ठावं, बंदुकीचं कसं घ्यायचं.

सत्यशीला : पण झोपेत घे, हे कुणी सांगितलं?

सूर्यभान : …ते बी मीच.

हबीबभाई : या अल्ला. कफनाचं माप घेतात तसं घेतलं की मामू.

सूर्यभान : तुम्ही गप बसा हो मिस्त्री.

हबीबभाई : बसलो. मी लाकडाचा माणूस. मला काय.

सत्यशीला : मी पाडव्यानंतर वाळूजला जाणार हाय, हे तुम्हाला ठाव व्हतं.

सूर्यभान : व्हतं.

सत्यशीला : तुमच्या ल्योकानं तिथं खोली बघितलीय, ठाव व्हतं. पोरीचं, मोनिकाचं नाव शाळेत घातलंय, ठाव व्हतं. तुमच्याच देखत बोलणं झालं.

सूर्यभान : झालं.

सत्यशीला : मग मला का नाय विचारलं?

सूर्यभान : तू जाणार हाईस हे ठाव व्हतं, म्हणून तर विचारलं नाय.

हबीबभाई : वा.

सूर्यभान : मिस्त्री, तुमी एक काम करा. तुमी चाय सांगूनच या.

हबीबभाई : आता नक्को. आता मीच ऐकून जाईन. बेटी, मला एक समजलं नाय. पाडव्याचा आणि बंदुकीचा काय मेळ?

सत्यशीला : आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं बाहेर पडतात. घाटावरनं खाली उतरायचं. रानं मोकळी झालेली असतात, एकेका शेतात मेंढरं बसवत बसवत पाचोडपर्यंत, मग पैठणला नदीकाठी. मिरगाला परत. निघताना वेशीवर एक बार काढायचा. ज्यानं बार काढला, त्याच्यामागं कळप. वर्षभर तो म्हणंल तिथं तळ, तो म्हणंल तिथं पाणी. आजवर हे काढत आले. मामा.

हबीबभाई : आणि आता ज्याच्या खांद्याला ही बंदूक बसंल—

सत्यशीला : व्हय. त्यो गेला मेंढरामागं. मला न विचारता माझा खांदा नेला मामांनी.

सूर्यभान : असं नगं बोलू, पोरी.

सत्यशीला : मग कसं बोलू? दस्ता कापून झाल्यावर मला काय सांगणार व्हता?

सूर्यभान : सांगणार नव्हतो काई. बंदूक घरात उभी करून ठेवली असती. माझ्या खांद्याला बसायची नाय, खंड्याच्या हाताला आखूड. तुझ्याबिगर कुणाच्याच कामाची नाय. म्हणलं, तूच बघशील एक दिवस उचलून. बसली की कळंल तुला.

सत्यशीला : म्हणजे कापायचं लाकूड आन् बांधायचं मला.

सूर्यभान : बानाबाई म्हणली, ती जाईल कशी? ती कोकरांना पाजताना म्हणती ना,
लेक जाती परघरी, सून येती परघरून,
मेंढराला काय ठावं, कोण आलं हे कुठून.

सत्यशीला : मेंढराला ठावं नसंल. मला चांगलं ठाव हाय मी कुठून आले. पैठणजवळनं आले, नदीच्या मऊ रेतीतनं. तुमच्या घाटात येऊन तळव्याला भेगा पडल्या. माझ्या बापाकडं चार शेळ्या व्हत्या, मेंढरू मी तुमच्याच दारात शिकले. लगीन ठरलं तवा बी मला कुणी विचारलं नव्हतं. पण तवा निदान मी जागी व्हते.

हबीबभाई : मामू, हे तर खरं बोलली.

सूर्यभान : मी खोटं कुठं म्हणालो? … बरं. राहिलं. मिस्त्री, द्या बंदूक. टोपीचं तेवढं बघा, दस्ता राहू द्या.

सत्यशीला : टोपीचं तरी कशाला मग?

सूर्यभान : चौकीत जमा करायची तर नीट करून करावी. बापाची वस्तू हाय.

सत्यशीला : जमा? आन् मेंढरं?

सूर्यभान : माणसाबिगरचा कळप पाडव्याला वेशीवर जात नाय. बाजाराला जातो.

सत्यशीला : सगळी?

सूर्यभान : अर्धी ठेवून काय करू? बानाबाईचे गुडघे गेले, माझा खांदा गेला. शेजारच्या सांडूला विचारलं, तो म्हणतो माझीच मला आवरंनात. व्यापारी येऊन बघून बी गेला.

सत्यशीला : कवा आला व्हता?

सूर्यभान : तू पाण्यावर गेली व्हतीस तवा.

सत्यशीला : म्हणजे हे बी चोरूनच.

सूर्यभान : तुझ्या समोर त्यानं काळतोंडीचे दात बघितले असते, तर तू त्याचे पाडले असतेस.

हबीबभाई : काळतोंडी कोण?

सत्यशीला : मेंढी हाय. तिला जुळी झाली की एकाला जवळ घेती, दुसऱ्याला लाथ मारती. मी मांडीखाली धरल्याबिगर पाजू देत नाय. बाजारात गेली तर… तिथं कुठलं पाजणं.

सूर्यभान : चल, उठ. कन्नडची गाडी चुकंल.

सत्यशीला : चुकू द्या. हबीबभाई, बंदूक द्या. कोपर कसं म्हणालात?

हबीबभाई : पदर खोच आधी. घोंगडी खांद्यावरची काढ, नायतर तिचंच माप निघंल. हां. असं वाकव. टाच खोबणीत. आता बोट टाक पुढं.

सत्यशीला : पोचत नाय.

हबीबभाई : दोन बोटं मागं राहिलं. बस्स, दोन बोटं. तेवढंच लाकूड जास्त है.

सत्यशीला : म्हणून तर. भादव्यात बिबट्या आला, मामा खाटेवर. तवा मी हिला बगलेत दाबून बार काढला. चाप ओढायला गेले आन् नळी गेली खाली. आमच्या मोत्या कुत्र्याच्या शेपटीजवळनं सगळा धूर. बिबट्या पळाला, मोत्या बी पळाला. बिबट्या नाय आला परत, पण मोत्या बी दोन दिस आला नाय.

हबीबभाई : हे मी ऐकलंच नाय हां. परवाना मामूच्या नावावर, आणि बार तू काढला? मेरे कान बंद थे.

सूर्यभान : मी खाटेवरनं ऐकला व्हता तो बार. ओला दगड फुटावा तसा झाला. मला कळलं, बंदूक नीट धरली नाय म्हणून. तवाच ठरवलं, दस्ता कमी करायचा. तिचा जबडा फुटला असता एखाद्या दिवशी.

सत्यशीला : हे तरी बोलायचं मला.

हबीबभाई : मग? कापू?

सत्यशीला : थांबा. माप बघितलं मी. कापा म्हणलं नाय. मामा, विचारा.

सूर्यभान : काय?

सत्यशीला : जे विचारायचं व्हतं ते.

सूर्यभान : …यंदा पाऊस बरा झालाय. पैठणकडं रानात चारा आसंल चांगला.

सत्यशीला : हे विचारणं नाय. हे हवामान झालं.

सूर्यभान : वाळूजची खोली लहान हाय म्हणत व्हता खंड्या. वर पत्रा.

सत्यशीला : हे बी विचारणं नाय.

हबीबभाई : मामू, गिऱ्हाईक असंच येतं माझ्याकडं. मिस्त्री, धंदा कसा है. मिस्त्री, गल्ली किती खोदून ठेवली. दोन चाय पितं, मग मीच म्हणतो, अरे बाबा, काम काय है ते बोल.

सूर्यभान : तुमी हसता. माझ्या बापानं मला विचारलं नव्हतं. बंदूक खांद्यावर टाकली आन् म्हणला, चल. मी निघालो. मी बी कुणाला कवा विचारलं नाय. मेंढराला हाक मारावी लागती, विचारावं लागत नाय. ते कसं विचारतात, मला जमत नाय.

सत्यशीला : जमवा.

सूर्यभान : …सत्यशीला.

सत्यशीला : जी.

सूर्यभान : पाडव्याला मेंढरं घेऊन… निघशील का? नाय म्हणलीस तर नाय. मी बाजाराला नेतो, तुला बोल लावणार नाय.

सत्यशीला : आत्याबाईनं लावला तर?

सूर्यभान : तिला मी आवरीन.

सत्यशीला : तुम्ही?

हबीबभाई : मी हसलो नाय, खोकला आला.

सत्यशीला : निघते. थांबा, हात नका जोडू, ऐका आदी. एवढ्या सालापुरतं निघते. मिरगाला परत आले की पुढच्या सालाचं परत विचारायचं. तवा मी नाय बी म्हणंल.

सूर्यभान : म्हण.

सत्यशीला : तळ कुठं टाकायचा, कुणाच्या रानात बसायचं, मी सांगणार. तुम्ही संगं यायचं, पण कोकरांकडं. मागं.

सूर्यभान : मागं?

सत्यशीला : मागं.

सूर्यभान : …बापाच्या मागं चाललोय की मी. चालीन.

सत्यशीला : आन् मोनिकाची शाळा मोडायची नाय. पोरगी पाटीदप्तर काखेत घेऊन झोपती आत्तापासनं. तिला बापाकडं वाळूजलाच ठेवायची. ह्यांची कंपनीची पाळी, कधी सकाळ कधी रात. तिची वेणी कोण घालंल, तिला डबा कोण देईल? आत्याबाईनं जायचं.

सूर्यभान : कुठं?

सत्यशीला : वाळूजला.

सूर्यभान : बानाबाई? वाळूजला? अगं, ती छपराखाली नीट झोपत नाय, तिला आभाळ लागतं. तिनं नळाचं पाणी कवा पेलं नाय, म्हणती लोखंडाचा वास येतो. आन् तिथं ती दिवसभर कुणाशी बोलंल?

सत्यशीला : हेच मी बोलले असते, मला कुणी विचारलं असतं तर.

हबीबभाई : मामू, आता इथं तुम्हाला बोलायला जागाच नाय राहिली.

सूर्यभान : ती यायची नाय.

सत्यशीला : नाय आली तर नाय. मग मी वाळूजला. तुमचं तुम्ही बघा. पोरगीला वाऱ्यावर सोडून मी मेंढरं राखणार नाय.

सूर्यभान : मिस्त्री, तुमी सांगा की हिला.

हबीबभाई : मी काय सांगू? मला एकच येतं. बेटी, ऐक. एका सालापुरतं लाकूड कापता येत नाय. करवत फिरली की फिरली. पण असं करतो, टाचेचा लोखंडी पत्रा काढतो, मागची दोन बोटं सरळ कापतो. तुकडा फेकायचा नाय. त्याला भोकं पाडून दोन लांब पेच देतो. पत्रा आखूड दस्त्यावर बसवायचा. उद्या कुणी लांब हाताचं आलं, तर पत्रा काढा, तुकडा लावा, पेच आवळा. करवतीचा भुसा तेवढा परत यायचा नाय.

सत्यशीला : तसंच करा. पण आज नको. आज टोपीचं बघा. दस्त्याचं मी निरोप देईन.

हबीबभाई : निरोप कशाचा?

सत्यशीला : आत्याबाई काय म्हणतात त्याचा.

हबीबभाई : ये सही है. आणि अजून एक. जिच्या मापाचा दस्ता, तिचं नाव परवान्यावर चढल्याबिगर मी बंदूक तुझ्या हातात देणार नाय. मामूच्या हातात देईन. नळीला तर मी करवत लावतच नाय, ती कुणी लावली तर जेल.

सूर्यभान : नाव चढवू की. कचेरीत मी ओळखतो एकाला.

सत्यशीला : आता फोन लावा.

सूर्यभान : कुणाला? खंड्याला?

सत्यशीला : ह्यांना मी सांगते. ह्यांचा राग माझा मी बघते, दोन दिस चपाती खाणार नायत, तिसऱ्या दिशी मागून घेतील. तुम्ही आत्याबाईला लावा.

सूर्यभान : आत्ता? घरी जाऊनच सांगतो की. समोरासमोर बरं पडतं.

सत्यशीला : घरी जाऊन तुम्ही पावसाचं बोलाल.

सूर्यभान : तिचा फोन छपरात टांगलेला असतो. ती गोठ्यात आसंल.

सत्यशीला : शेजारच्या सोमनाथचा पोरगा देतो नेऊन. लावा. हबीबभाई, जरा लावून द्या मामांना, डाव्या हातानं त्यांना बटण दाबता येत नाय.

हबीबभाई : द्या. नाव काय घातलंय? … 'घर'. हे का? … घ्या, वाजायलाय.

सूर्यभान : मिस्त्री, काय सांगू हो तिला?

हबीबभाई : मला कायकू विचारता? माझी बेगम मला सांगती, मी तिला नाय.

सूर्यभान : …हॅलो. हां, मीच. … ऐकू येतंय का? … खांदा? खांदा हाय तसाच. … ही हाय ना, इथंच बसलीय. … नाय, कापलं नाय अजून. … काय नाय झालं गं. … बाने, तू जेवलीस का? … अगं, कुणाला काय झालं नाय! रडतीस कशाला? सगळी नीट हावोत. … हातातलं ठेव जरा खाली, आन् बस. तुला एक विचारायचं व्हतं.